उन्हे कलल्यावर ठेवलेले नाव

एकदा एक रंगारी होता. इतका म्हातारा, की त्याच्या नखांत शिरलेली नीळ आता राखेने घासूनही निघत नसे. गाव नदीकाठचे, घाट दगडी, आणि घाटाच्या वरच्या अंगाला त्याचे रंगाचे घर. तिथे कढया होत्या, निळीचे रांजण होते, आणि हिरड्याचा एक तुरट वास होता, जो अंगाला लागला की माणसाबरोबर जेवणाच्या ताटापर्यंत जाई. सगळे गाव त्या म्हाताऱ्याला बाबा म्हणे.

बाबांपाशी एक शिष्य होता. बारा वर्षे राहिलेला, तिशीला टेकलेला. हुशार होता, यात वाद नाही. कोणत्या सालीला किती उकळी, कोणत्या कापडाला किती तुरटी, सारे त्याला मुखोद्गत होते. बाबांच्या मागे हे घर त्याच्याच हाती जाणार असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि त्याने सर्वांच्या आधी धरले होते.

आणि एक आवडाबाई होती. दृष्टांतातल्या माणसांना सहसा नावे नसतात. गुरू, शिष्य, व्यापारी, एवढ्यावर भागते. पण ज्या बाईच्या नावावरून ही सगळी गोष्ट घडली, तिलाच बिननावी ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. नवरा गेल्यापासून ती वीस वर्षे बाबांच्या कढयांवर राबत होती. तिला अक्षरओळख नव्हती. मात्र कापड पाण्याबाहेर आले की ते वाळल्यावर कसे दिसेल, हे ती ओले असतानाच सांगे, आणि ते चुकत नसे. त्यामुळे बाबा एखादी छटा जमवताना शिष्याच्या अंगावरून पलीकडे हाक मारीत, "आवडे, बघ गं जरा." ती हाक शिष्याच्या कानाला बारा वर्षे टोचत होती. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही. शहाणी माणसे असे काही बोलून दाखवत नाहीत; ती ते जपून ठेवतात.

त्या घरात एक नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. उन्हे कलल्यावर रंगाला नाव ठेवू नये. म्हणजे सूर्य खाली आला की हा रंग अमुक, हा तमुक, हा चांगला उतरला, हा बिघडला, असे काही म्हणायचे नाही. म्हणायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी. शिष्याने प्रारंभीच एकदा विचारले होते, "का ठेवू नये?" बाबा कामात होते. ते म्हणाले, "नाही ठेवत आपण." शिष्याने मग आपल्या मनाशी ठरवून टाकले, की तिन्हीसांजेला नखे काढू नयेत, केर काढू नये, त्यातलेच हे एक. शकुन-अपशकुन. नियम तो पाळत असे, पण म्हाताऱ्यांचे मन राखावे तसा.

माघ महिन्यातली गोष्ट. शेजारच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचे लग्न होते. त्याने चोवीस शेले रंगवायला दिले होते, सगळे एकाच जांभळ्या छटेचे. मानकऱ्यांच्या खांद्यावर एकसारखे दिसावेत, एवढीच त्याची अट. बारा शेले बाबांनी स्वतः रंगवले. उरलेले बारा आवडाबाईने. शेले न्यायला व्यापारी दुपारी यायचा, तो वाटेत अडकून दिवस मावळायला आला. बाबा त्या दिवशी परगावी गेलेले. शिष्याने पाहुण्याला गूळपाणी दिले आणि शेले घाटाच्या पायऱ्यांवर उलगडून दाखवले. पश्चिमेकडे सारे आभाळ तांबडे झाले होते.

व्यापारी वाकून पाहू लागला. मग म्हणाला, "अहो, यातले काही तांबूस दिसतात की."

शिष्याने पाहिले. खरेच दिसत होते. निम्मे शेले जांभळे, निम्मे सरळ सरळ विटकरीकडे झुकलेले. परक्या माणसापुढे घराची अब्रू जात होती. तो आत गेला, निळीचा डबा उघडला. अजून पंधरा दिवस पुरेल एवढी नीळ त्यात असायला हवी होती. डबा रिकामा होता. आणि मग त्याच्या हुशार डोक्याने दोन आणि दोन चार केले. नीळ महाग. जांभळ्यातून नीळ काढली की उरते तांबडे. आवडाबाईने नीळ लांबवली आणि शेले तसेच भागवले.

ती खाली पाण्यात कापड खळबळत होती. घाटावर संध्याकाळची गर्दी होती, बायका घागरी भरत होत्या, कोष्ट्यांची पोरे पाय धूत होती. शिष्याने वरच्या पायरीवरून तिला सगळ्यांदेखत हाक मारली आणि विचारले, "नीळ कुठं नेऊन घातलीस?"

आवडाबाई पदराला हात पुसत वर आली. तिने शेल्यांकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "दादा, आत्ता नगा बघू. उद्या उन्हात बघा. आत्ता नाव ठिवू नगा."

"उद्यापर्यंत कापड बदलून ठेवायला बरं," शिष्य म्हणाला. "चोर ती चोर, वर मला नियम शिकवतेस?"

तो शब्द दगडी पायऱ्यांवरून पार पाण्यापर्यंत गेला. एका बाईची घागर भरून वाहू लागली तरी तिने ती उचलली नाही. आवडाबाईने तोंड उघडले, पण आवाज आला नाही. ती खाली गेली, खळबळत ठेवलेले कापड तिने पिळले, नीट घडी करून पायरीवर ठेवले, आणि घाटाच्या बाजूने चालू लागली. पलीकडच्या काठावर तिच्या भावाचे घर होते. शेवटच्या होडीने ती तिकडे गेली.

शिष्याने व्यापाऱ्याला धर्मशाळेत उतरवले. तांबूस शेले वेगळे काढून त्यांचे वेगळे गाठोडे बांधले. त्याच्या मनात रागाखेरीज आणखी एक गोष्ट होती. ती कोणती ते पुढे येईल. तिला बाहेर यायला त्यालाही एक दिवस लागला.

पहाटे बाबा परतले. शिष्याने त्यांना सारा वृत्तांत ऐकवला आणि दोन्ही गाठोडी पुढे ठेवली. बाबांनी ऐकून घेतले. मग त्यांनी दोन्ही गाठोडी सोडली, चोवीसच्या चोवीस शेले एकत्र केले, आणि पत्ते पिसावेत तसे ते खालीवर करून टाकले.

शिष्य ओरडलाच, "बाबा, हे काय करता! निवडून ठेवलेत मी ते. पुरावा आहे तो!"

"घाटावर चल," बाबा म्हणाले. "येताना दोरी घे."

घाटावर दोन खांबांमध्ये दोरी बांधून बाबांनी चोवीस शेले ओळीने टांगले. शिष्याला समोर बसवले आणि सांगितले, "आता तांबडं फुटेल. तेव्हापासून दिवस बुडेपर्यंत इथून उठायचं नाही. मी अधूनमधून विचारीन, यातले चोरीचे कोणते. तू सांगायचं."

शिष्याला ही परीक्षा सोपी वाटली. पूर्व उजळली, क्षितिजाला लाली आली, आणि शेल्यांत फरक दिसू लागला. त्याने पटापट बोट दाखवले. हा, हा, तो कडेचा. बरोबर बारा. "पाहिलंत?" तो म्हणाला.

सूर्य वर आला. लाली गेली, पिवळेपणा आला, तोही गेला. आभाळ हळूहळू निळे होत चालले. शिष्य शेल्यांकडे टक लावून बसला होता, आणि त्याला वाटू लागले की आपले डोळे दमले आहेत. ज्या शेल्यावर त्याने मघाशी बोट ठेवले होते, तो शेजारच्याच्या जवळ जवळ सरकत होता. जागा हललेली नव्हती. रंग सरकत होता. त्याने बसल्या जागीच डोळे चोळले. परत पाहिले तर आणखी दोन शेले एकमेकांसारखे झाले होते.

सूर्य माथ्यावर आला. डोक्यावरचे आभाळ निळे, सूर्याभोवती पांढुरके. बाबांनी सगळे शेले उतरवले, पुन्हा खालीवर केले आणि पुन्हा टांगले. "सांग आता."

शिष्य ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेला. चोवीस शेले. एकच जांभळा. त्याने कापड नाकाशी धरले, उलटे करून पाहिले, उन्हात ताणून पाहिले. घाटावर दोन-चार माणसे थांबली होती. न सांगणे हा पराभव होता, म्हणून त्याने धीर करून एका शेल्यावर बोट ठेवले. "हा."

बाबांनी त्या शेल्याची दशी हातात घेतली. दशीला बारीक गाठ होती. "गाठीचे बारा माझ्या हातचे," ते म्हणाले. "दोन खेपा ओळखू याव्यात म्हणून यंदा मारून ठेवल्यात. म्हणजे चोर मी."

शिष्याला एकदम आठवले ते आवडाबाईचे उघडलेले तोंड, ज्यातून आवाज आला नव्हता. तो होडीकडे धावणार, तोच बाबांनी त्याचा दंड धरला.

"बस."

"बाबा, मला जाऊ द्या. मला तिच्या पाया पडू द्या."

"बस. दिवस अजून अर्धा आहे. तुला घाई आहे ती तिच्यासाठी नाही. तुला इथं बसवत नाही म्हणून."

हे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच फार लागले. तो बसला. मी ही गोष्ट सांगताना इथे नेहमी अडखळतो. चूक कळणे आणि चूक भोगणे यांच्यामध्ये जो एक रिकामा दुपारचा वेळ असतो, तो मीही काढलेला आहे. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी काढला असेल. त्या वेळी माणसाला वाटते, आत्ताच्या आत्ता क्षमा मागून मोकळे व्हावे. मोकळे कुणी व्हावे? आपण. समोरच्याचा विचार त्यात नंतर येतो.

दुपारी व्यापारी आला. त्याने दोरीवरचे शेले पाहिले आणि तोंडात बोट घातले. "अरे वा! एकसारखे आहेत की सगळे. मग काल काय झालं होतं?"

बाबांनी विचारले, "लग्नाचा मुहूर्त कोणता?"

"गोरज."

"मग ऐका. तांबड्या रंगाची आमच्याकडची लाख अर्ध्यात संपली होती. माझे बारा शेले लाख घालून रंगवलेत, बाईचे बारा मंजिष्ठा घालून. मंजिष्ठेचा तांबडा तापट असतो, त्याला लाखेच्या जोडीला आणायचं तर नीळ दुपटीनं लागते. बाईनं ती घातली. भर उन्हात दोन्ही एक दिसतात. गोरजाला नाही दिसायचे. तेव्हा गाठीचे बारा वरपक्षाला द्या, बिनगाठीचे वधूपक्षाला. मंडपात दोन बाजू दोन रंगांच्या दिसतील, आणि लोक म्हणतील, काय हौशी माणूस आहे."

व्यापारी खूश झाला. ही युक्ती आपलीच म्हणून सांगायची, असे त्याने तिथल्या तिथे ठरवले असावे. शेले उद्या सकाळी नेतो म्हणून तो निघून गेला.

शिष्य ऐकत होता. एवढेच होते. काल घाटावर ही चार वाक्ये बोलायला आवडाबाई तयार होती. त्याने तिला एक वाक्यही पुरते बोलू दिले नव्हते. रिकाम्या डब्यातली सगळी नीळ त्याच शेल्यांत होती, ज्यांच्यावर त्याने ती नसल्याचा आळ घेतला होता.

उन्हे कलली तशी घाटावर वर्दळ वाढली. कालच्याच बायका, कालच्याच घागरी. दोरीवरचे शेले आणि समोर बसलेला शिष्य पाहून एकीने विचारले, "काय वो, घावली का चोरी?" शिष्याने खाली पाहिले. दुसरी म्हणाली, "वीस वरसं राबली आन्‌ बघा. कुणाचं काय सांगावं." एका दिवसात ती गोष्ट गावाच्या तोंडी रुळली होती. जिच्या हातचे पाणी या बायका पीत होत्या, तिच्याविषयी त्या आता सुस्कारे टाकून बोलत होत्या. शिष्याला ते शब्द ऐकवेनात, आणि ते त्याचेच शब्द होते.

सूर्य नदीपलीकडच्या झाडांना टेकला. आभाळ केशरी झाले, मग तांबडे. आणि दोरीवर चोवीसाचे पुन्हा बारा आणि बारा झाले. कुणी हात लावला नव्हता.

तेव्हा बाबा त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"माझ्या गुरूंनी मला सांगितलं होतं ते तुला सांगतो," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. कच्च्या रंगाचं कापड पाण्यात टाकलं की कुठला रंग आधी सुटतो ते तू पाहिलंयस. तसा उजेडातला निळा हवेत आधी सुटतो. सुटतो आणि चहूकडे पसरतो. दिवसा वर बघतोस ते निळं आभाळ म्हणजे तो सुटलेला रंग. दुपारी सूर्य सरळ डोक्यावर. मधे हवा थोडी. निळा थोडा सुटतो, बाकी सगळे रंग आपल्यापर्यंत पोचतात. सकाळ-संध्याकाळी ऊन आडवं येतं. कोसच्या कोस हवेतून, धुरातून, गुरांच्या धुळीतून. वाटेत निळा सगळा सांडून जातो, आणि आपल्या दारात येतो तो उरलेला तांबडा. आपल्याला वाटतं आभाळानं रंग बदलला. आभाळानं काही केलेलं नसतं. उजेड किती लांबून आला, एवढंच बदललेलं असतं. आत्ता इथं जी नीळ कमी पडलीय ना, ती कुणी चोरलेली नाही. ती मावळतीकडच्या गावांवर पसरलीय. त्यांचं आभाळ अजून निळं असेल."

शिष्य म्हणाला, "म्हणजे काल मला दिसलं ते खोटं होतं."

"खोटं कसं? तांबूस दिसलं, ते तांबूसच दिसत होतं. व्यापाऱ्यालाही दिसलं. दिसण्याला कुणाचा दोष नाही. संध्याकाळच्या उजेडात नीळ नसते, आणि तू कापडाला म्हणालास तुझ्यात नीळ नाही. तिथवरसुद्धा मी क्षमा करीन, कारण मंजिष्ठेचं मी तुला सांगायला विसरलो. ती माझी चूक, ती माझ्याकडे राहील." बाबा त्याच्याकडे वळले. "पण मला एक सांग. तिनं सांगितलं, उद्या बघा. एक रात्र थांबायचं होतं. का नाही थांबलास?"

घाटावरच्या बायका हळूहळू जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बाबा," तो अखेरीस म्हणाला, "डबा रिकामा दिसला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. वाटलं, बरी सापडली. आता तुम्ही पुन्हा तिला हाक मारणार नाही."

हे बोलताना त्याने मान वर केली नाही. बाबांनीही त्याच्याकडे पाहिले नाही. काही गोष्टी ऐकणाऱ्यालाही लाजवतात. बाबा एवढेच म्हणाले, "मग तुझा उजेडसुद्धा लांबून आला होता. बारा वर्षांवरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने शिष्य पलीकडे गेला. बाबाही निघाले होते, पण त्याने विनवले, "मी एकटा जातो." आवडाबाई भावाच्या अंगणात शेंगा निवडत बसली होती. त्याने तिच्यापुढे लोटांगण घातले. रडला. जे घडले ते सगळे सांगितले, डब्याचे, गाठीचे, गोरज मुहूर्ताचे. आनंद झाल्याचेही सांगितले. मी चुकलो, मला क्षमा कर, तू परत चल.

आवडाबाईचे शेंगा निवडणारे हात थांबले नाहीत. "उठा दादा," ती म्हणाली. "कापडं भरली."

"तू क्षमा केल्याशिवाय उठणार नाही."

"हितं कशाला आलासा?" ती शांतपणे म्हणाली. "हितं मला कोण चोर म्हनत न्हाई. माझ्या भावाला ठावं हाय, भावजयीला ठावं हाय. हितं तुमचं रडनं ऐकून मी काय करू? नाव तितं घाटावर ठिवलंसा. जितं ठिवलंसा तितनं उचला. दुसऱ्या कुनाला ते उचलाया यायचं न्हाई. मला बी न्हाई."

त्या संध्याकाळी, नेमक्या त्याच वेळी, त्याच वरच्या पायरीवर शिष्य उभा राहिला. क्षमा मागायला एकांत किती सोयीचा असतो, हे त्याला तेव्हा कळले. बोलू लागला तर शब्द पहिल्या पायरीपलीकडे जाईनात. खालून कुणीतरी म्हणाले, "मोठ्यानं बोला की, परवा तर ऐकू येत होतं." तेव्हा तो मोठ्याने बोलला. आवडाबाईने चोरी केली नाही. नीळ शेल्यांतच होती. मी तिचा मत्सर करीत होतो, म्हणून मी तिच्यावर आळ घेतला.

एका म्हातारीने विचारले, "म्हंजी चोरी झालीच न्हाई?"

"झाली," शिष्य म्हणाला. "तिचं नाव मी नेलं."

कुणी हसले, कुणी हळहळले. बरीच माणसे तर परवा तिथे होती आणि आज नव्हती. हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून तो दुसऱ्या संध्याकाळीही उभा राहिला, आणि तिसऱ्या. पेठेत जाऊन बोलला, कोष्ट्यांच्या आळीत बोलला. पुढे पुढे लोक कंटाळले. "कळलं हो, कळलं," म्हणू लागले.

पंधरा दिवसांनी आवडाबाई परत आली. कढईपाशी बसली आणि कामाला लागली. शिष्याशी ती पूर्वीसारखीच बोले, कमी नाही, जास्त नाही. क्षमा केली असे तिने कधी म्हटले नाही, आणि त्याने पुन्हा विचारले नाही. काही काळाने बाबा वारले. घर शिष्याच्या हाती आले, तसे त्याने रंगाचा शेवटचा शब्द आवडाबाईकडे दिला. कापड तिने पाहिल्याखेरीज घराबाहेर जात नसे. तिची कीर्ती लांबवर झाली. दूरच्या पेठांतून लोक तिच्या हातचे जांभळे मागत येऊ लागले. शिष्याला वाटे, झाले, फिटले सारे. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे.

एके दिवशी भर दुपारी तो घाटावरून येत होता. एक परगावचा माणूस वाटेवर उभा होता. त्याने घागर घेऊन जाणाऱ्या एका मुलीला विचारले, "रंगवाल्या आवडाबाईंचं घर कुठं?" ती मुलगी दहा-अकरा वर्षांची. ती गोष्ट घडली तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता.

"आवडाबाई?" मुलगी म्हणाली. "जी चोर न्हाई, तीच ना? ह्या बाजूनं सरळ जावा. वरचं घर."

आणि घागर सावरत ती आपल्या वाटेने गेली. बोलण्यात तिच्या खोट काही नव्हती. गावात सगळे तसेच सांगत. कुणी लंगडा, कुणी घारा, तशी आवडाबाई म्हणजे ‘चोर नाही ती’. त्या गावात शेकडो बायका होत्या आणि त्यांतली एकही चोर नव्हती. पण ओळख सांगताना तसे सांगावे लागे ते एकीविषयीच.

शिष्य जागच्या जागी उभा राहिला. मुलीला हाक मारावी, तिला सांगावे की बाई गं, असे म्हणू नये, म्हणून त्याने तोंड उघडले. आणि मिटले. सांगायचे तर तो शब्द आणखी एकदा उच्चारावा लागला असता.